उशिराचे सत्य

खोटे बोलणाऱ्यास आपण लबाड म्हणतो. बोलण्याची वेळ असताना गप्प बसणाऱ्यास भित्रा म्हणतो. परंतु जो बोलतो तेही खरेच, मात्र वेळ टळून गेल्यावर बोलतो, अशा साक्षीदारासाठी आपल्या भाषेत नेमके नाव नाही. 'वरातीमागून घोडे' किंवा 'बैल गेला आणि झोपा केला' अशा म्हणी आहेत. परंतु त्या उशिरा केलेल्या कृतीविषयी आहेत, उशिरा दिलेल्या साक्षीविषयी नाहीत. शिवाय त्यांचा सूर थट्टेचा आहे. उशिरा सांगितलेल्या सत्याचे नैतिक मोल काय, ते सांगणाऱ्याचा दोष किती आणि ऐकणाऱ्याचा किती, हा प्रश्न थट्टेवारी सोडून देण्याजोगा नाही. बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या आम्हा मराठी भाषकांना तर तो विशेष जवळचा वाटावा, कारण या भूमीच्या इतिहासात काही सत्ये फार उशिरा पोहोचली आहेत.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एका अगदी अ-साहित्यिक वस्तूचा आधार घेणार आहोत. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या इंजिनातील ऑक्सिजन सेन्सर. वाचकांनी दचकू नये. यंत्राला हेतू नसतो, भीती नसते, स्वार्थ नसतो. म्हणून माणसांच्या बाबतीत ज्या गोष्टी हेतूंच्या गुंत्यात हरवून जातात, त्या यंत्रात स्वच्छ दिसतात. मंद झालेला सेन्सर हा निव्वळ मंदपणाचा नमुना आहे. त्यात लबाडीची भेसळ नाही.

प्रथम त्याचे काम समजून घेऊ. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्यात ठरावीक प्रमाणात हवा लागते. वजनाने मोजल्यास एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे ते प्रमाण होय. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण गाढ होते, धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि इंधन वाया जाते. हवा जास्त झाली तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या प्रमाणाच्या आसपासच्या अगदी अरुंद पट्ट्यातच नीट काम करतो. म्हणून इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला आहे हे सतत पाहणारा आणि इंजिनाच्या संगणकाला कळवणारा एक पहारेकरी धुराच्या नळीत बसवलेला असतो. बॉश कंपनीने घडवलेला असा सेन्सर १९७६ साली व्होल्व्होच्या गाडीत प्रथम बसवला गेला. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि २०२० साली भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यापासून हा पहारेकरी दुचाकींच्या नळीतही येऊन बसला आहे.

त्याची रचना मनोवेधक आहे. झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची एक लहानशी टोपी असते आणि तिच्या आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ लेप असतो. टोपीची बाहेरची बाजू धुरात असते. आतली बाजू बाहेरच्या मोकळ्या हवेशी जोडलेली असते. टोपी सुमारे तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापली की दोन्ही बाजूंच्या प्राणवायूतील फरकानुसार तिच्यात विजेचा सूक्ष्म दाब निर्माण होतो. मिश्रण गाढ असेल तर तो सुमारे ०.९ व्होल्टपर्यंत चढतो. पातळ असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. म्हणजे हा साक्षीदार धुराचे ज्ञान मोकळ्या हवेशी तुलना करून मिळवतो. ज्याची एक बाजू मोकळ्या हवेत नाही, त्याला धुराविषयी काही सांगता येत नाही. ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. पुढे ती उपयोगी पडेल.

संगणक या साक्षीवर विसंबून पेट्रोल किंचित कमी करतो. मिश्रण पातळ झाल्याचे कळताच किंचित वाढवतो. पुन्हा कमी करतो. हे हेलकावे सतत चालू असतात आणि ते निरोगीपणाचे लक्षण आहे. आता वेगाचा हिशेब पाहू. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर त्यात सेकंदाला शंभर वेळा इंधन पेटते. निरोगी सेन्सर सुमारे एक दशांश सेकंदात बदल कळवतो. तेवढ्यात दहा ठिणग्या पडून गेलेल्या असतात. हा उशीर व्यवस्थेत गृहीत धरलेला आहे. परंतु तोच सेन्सर बदल कळवण्यास अर्धा सेकंद घेऊ लागला की पन्नास ठिणग्या पडून जातात. संगणकाला वाटते की मिश्रण अजून गाढ आहे, म्हणून तो पेट्रोल कमी करतच राहतो. प्रत्यक्षात मिश्रण केव्हाच पातळ झालेले असते. मग उशिरा पातळपणाची वर्दी येते आणि तो गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओततो. हेलकावे मोठे आणि लांब होतात. कन्व्हर्टरला थोडा प्राणवायू साठवून लहान हेलकावे सोसता येतात. हे मोठे हेलकावे त्याच्या साठवणीच्या पलीकडे जातात. गाडीचे अॅव्हरेज उतरते, पिकअप मंदावतो, धूर घाण होतो.

येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घ्यावी. मंद सेन्सरच्या दिवसभराच्या साक्षींची सरासरी काढली तर ती जवळजवळ बरोबर येते. त्याचे प्रत्येक विधान खरे आहे; ते फक्त मागच्या क्षणाविषयी खरे आहे. विधानात असत्य नाही, सरासरीत असत्य नाही, तरीही त्यावर आधारलेली प्रत्येक कृती चुकते. तेव्हा असत्य नेमके कोठे आहे? ते विधान आणि वेळ यांच्या सांध्यात आहे. 'मिश्रण गाढ होते' असे म्हणण्याऐवजी हा साक्षीदार 'मिश्रण गाढ आहे' असे म्हणतो. भूतकाळाचे क्रियापद त्याच्या व्याकरणातच नाही.

आपल्या प्राचीन तर्कशास्त्राला हा दोष अपरिचित नव्हता. न्यायसूत्रांत हेतूचे जे पाच आभास सांगितले आहेत, त्यांत पाचव्याचे नाव 'कालातीत' असे आहे. त्याच्या अर्थाविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत आणि नव्य नैयायिकांनी त्याला 'बाधित' असे निराळे वळण दिले. परंतु ज्या हेतूची वेळ टळून गेली तो हेतू हेतूसारखा दिसला तरी हेतू नव्हे, ही जाणीव त्या नावातच आहे. वेळ ही सत्याच्या बाहेरची, सोयीची बाब नसून सत्याच्या अंगाचाच भाग आहे, असे त्यातून सुचते. आप्ताच्या शब्दाला नैयायिकांनी प्रमाण मानले. आम्ही त्यात एवढीच भर घालू की आप्ताने केव्हाचे सांगितले हेही विचारावे लागते.

आता निदानाकडे वळू, कारण या विषयाचा खरा नैतिक गाभा तेथे आहे. संगणक मंदपणा ओळखतो आणि गाडीच्या पुढच्या फळीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मिस्त्री स्कॅनर जोडतो तेव्हा पी ०१३३ हा सांकेतिक क्रमांक दिसतो. पहिल्या बाजूच्या पहिल्या सेन्सरचा प्रतिसाद मंद आहे, असा त्याचा अर्थ. या क्षणी मिस्त्रीपुढे तीन मोह उभे राहतात. पहिला मोह असा की स्कॅनरवरून तो क्रमांक पुसून टाकावा. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होते, आणि गाडी थोडी धावली की दिवा पुन्हा लागतो. दुसरा मोह असा की क्रमांकात सेन्सरचे नाव आहे, तेव्हा सेन्सर बदलून टाकावा आणि नव्या सुट्या भागाचे पैसे लावावेत. तिसरा मोह सर्वांत वाईट. तारेत काही जोडतोड करून संगणकाला सर्व ठीक असल्याचा आभास द्यावा. पहिला मोह विस्मरणाचा आहे, दुसरा निरोप्याला शिक्षा देण्याचा, तिसरा खोट्या साक्षीचा. समाज आपल्या मंद साक्षीदारांशी याच तीन रीतींनी वागत आला आहे.

जाणत्या वस्तादाची रीत निराळी असते. तो आरोपाचे नाव वाचतो, पण त्यावरून निकाल देत नाही. क्रमांक 'सेन्सर मंद आहे' असे म्हणतो म्हणजे सेन्सरचा प्रतिसाद मंद दिसला, एवढेच. तो का मंद दिसला हे त्याला शोधायचे असते. प्रथम तो सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला चीर आहे काय ते पाहतो. चीर असेल तर धुराच्या दोन उसळ्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर तिचीच नोंद करतो. साक्षीदार प्रामाणिक आहे. त्याच्यापर्यंत पोहोचणारी वस्तूच भेसळलेली आहे. मग तो तारा आणि जोड तपासतो. साक्ष वेळेवर निघाली असेल, वाटेत गंजलेल्या जोडात अडकली असेल. मग सेन्सरला तापवणारा हीटर चालतो काय ते पाहतो, कारण थंड सेन्सर गप्प तरी असतो किंवा मंद तरी. साक्षीदाराला बोलता यावे एवढी ऊब त्याला कोणी द्यावी लागते. इनटेकची नळी कोठे हवा खाते काय, पेट्रोलचा दाब पुरेसा आहे काय, हेही पाहून होते.

हे सर्व निर्दोष निघाल्यावरच तो साक्षीदाराची परीक्षा घेतो. इंजिन गरम करून, वेग स्थिर ठेवून, तो मिश्रण एकाएकी गाढ करतो. मग एकाएकी पातळ करतो. आणि विजेचा दाब किती वेळात चढतो व किती वेळात उतरतो ते ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहतो. या परीक्षेचे तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे आणि जो प्रश्न आपण नेमका केव्हा विचारला हेही ठाऊक आहे, असा प्रश्न विचारल्याखेरीज साक्षीदार मंद आहे की नाही हे कळत नाही. साक्षीदारावर मंदपणाचा आरोप करण्याचा अधिकार ज्याने स्वतः वेळेची नोंद ठेवली आहे त्यालाच आहे.

आणि सेन्सर खरोखर मंद निघाला तरी काम संपत नाही. सेन्सर सहसा आपल्या आपण मंद होत नाही. त्याच्यावर काहीतरी साचते. इंजिनात ऑइल जळत असेल तर त्यातील फॉस्फरसाचा थर बसतो. कूलंट गळून सिलिंडरात जात असेल, किंवा दुरुस्तीत चुकीचे सिलिकॉन सीलंट वापरले असेल, तर सिलिकाचा पांढरट थर बसतो. शिसे घातलेले पेट्रोल तर त्याचे विषच. भारतात ते २००० साली बंद झाले. मूळ गळती तशीच ठेवून नवा सेन्सर बसवला तर काही महिन्यांत तोही मंद होतो. म्हणून शेवटचा प्रश्न 'हा मंद आहे काय' हा नसून 'याला मंद कोणी केले' हा असतो. बाराव्या शतकात बसवकल्याणात शरणांनी कायक म्हणजे श्रम हीच उपासना मानली. त्या अर्थाने पाहिले तर हा शेवटचा प्रश्न विचारणारा मिस्त्री आपल्या कायकात आहे, आणि तो न विचारता पैसे घेणारा नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. मंदपणा हा दोषच कशावरून? आपण सावकाश बोलणाऱ्यास विचारी म्हणतो. घाई करणाऱ्यास उतावळा म्हणतो. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी बिदरच्याच इतिहासाकडे पाहू. महमूद गवान हा इराणातील गीलान प्रांतातून आलेला व्यापारी बहामनी राज्याचा वजीर झाला. १४७२ साली त्याने बिदरला उभारलेला मदरसा आजही भग्नावस्थेत का होईना शहराची शान राखून आहे. त्याने प्रांतांची फेररचना करून सरदारांची सत्ता आखडली आणि त्यामुळे शत्रू जोडले. त्या शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचा सांभाळ करणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का मिळवला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचे पत्र लिहिले. सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाने १४८१ च्या एप्रिलमध्ये चौकशी न करता वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. शिक्का आपला आहे पण मजकूर आपला नाही, असे वजिराने सांगितल्याचे इतिहासकार नमूद करतात. नंतर सुलतानाला खरे कळले. तो पश्चात्तापात झुरत वर्षभरातच वारला, आणि पुढच्या काही दशकांत बहामनी राज्याचे पाच तुकडे झाले.

या कथेत आमच्या आक्षेपाचे उत्तर आहे. सुलतानाचा निर्णय वेगवान होता आणि जाणीव मंद होती. असायला हवे होते नेमके उलट. आश्चर्य असे की मोटारीच्या संगणकातही हा भेद केलेला असतो. सेन्सरची साक्ष येताच तो जी तात्पुरती दुरुस्ती करतो ती क्षणाक्षणाला बदलते. परंतु इंधनाच्या मूळ हिशेबात तो जो कायमचा बदल करतो तो पुष्कळ साक्षी जमवून, फार सावकाश करतो. एका साक्षीवरून मूळ हिशेब बदलत नाही. तेव्हा जाणिवेने त्वरित असावे, निर्णयाने सावकाश असावे. संथपणा हा न्यायाधीशाचा गुण आहे. तोच पहारेकऱ्याचा दोष आहे. विचारीपणाच्या नावाखाली पहारेकरी झोपतो तेव्हा आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करत असतो. आणि जलद वर्दी म्हणजे खरी वर्दी, असेही नाही. बनावट पत्र सर्वांत आधी पोहोचले होते आणि त्यावरचा शिक्का अस्सल होता.

आता सर्वांत कठीण प्रश्न. वेळ टळल्यावर आलेले सत्य निरुपयोगी असते काय? यंत्राच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे. जी ठिणगी पडून गेली तिच्याविषयीची वर्दी त्या ठिणगीच्या कामाची नाही. परंतु माणसांच्या बाबतीत? महाभारतात युद्ध संपल्यावर, मृतांना जलांजली देण्याच्या वेळी, कर्ण हा तुमचा थोरला भाऊ होता, त्यालाही पाणी द्या, असे कुंती पांडवांना सांगते. सत्य पूर्ण आहे आणि पूर्ण उशिरा आले आहे. त्याने कर्ण परत येत नाही. अर्जुनाचा बाण मागे फिरत नाही. युधिष्ठिराचा शोक संतापात बदलतो. तरीही ते सत्य निरुपयोगी नाही, कारण त्यामुळे कर्णाला भावांच्या हातचे पाणी मिळते. यंत्राचा भूतकाळ धुराबरोबर निघून जातो. माणसाचा भूतकाळ जात नाही; तो पाणी मागत काठावर उभा राहतो. म्हणून माणसाला उशिराचे सत्यही देणे लागते.

आमच्या जिल्ह्यांना हे केवळ पुराणातून माहीत आहे असे नाही. १९४८ साल हैदराबाद संस्थानातील या मुलखावरून दोनदा गेले. त्या वर्षीच्या मे महिन्यात बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी रझाकारांनी हिंदू गावकऱ्यांचे हत्याकांड केले. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात विलीन झाले, आणि त्या दिवसांत व त्यानंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ पाठवले. १९४८ च्या अखेरीस ते या मुलखात फिरले, आणि त्याच्या अहवालाने बळींची संख्या २७ ते ४० हजार असावी असा अंदाज दिला. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांत त्याच्या काही भागांची चर्चा अधूनमधून होत राहिली. सामान्य वाचकापर्यंत तो खऱ्या अर्थाने पोहोचला तो २०१३ च्या सुमारास, म्हणजे सुमारे ६५ वर्षांनी. गोरट्याची कथाही मुलखाबाहेर फारशी ठाऊक नव्हती. तिचीही मोठी जाहीर आठवण अलीकडच्या काळातलीच आहे.

येथे सेन्सरने काही केले नव्हते असे म्हणता येईल. साक्ष वेळेवर निघाली होती, ती जोडात अडकली. मंद साक्षीदार आणि अडवलेली साक्ष यांचा परिणाम ऐकणाऱ्यापुरता एकच असतो. ज्यांनी अहवाल कपाटात ठेवला त्यांना कदाचित वाटले असेल की नव्याने जुळू पाहणाऱ्या समाजात हे मिश्रण भडकवू नये. तो हेतू आम्ही क्षुद्र मानत नाही. परंतु क्रमांक पुसल्याने दोष जात नाही. साठ वर्षे घराघरांतून, आपापल्या बाजूचे तेवढेच, कुजबुजीने सांगितले गेले. आणि कुजबुजीला मोकळ्या हवेची बाजू नसते. ज्या झिर्कोनियाच्या टोपीची आतली बाजू बंद झाली ती धुराला धुराशीच ताडून पाहते.

याच्या उलट बाजूचा धोका आज अधिक मोठा आहे. उशिरा हाती आलेले सत्य वर्तमानकाळी क्रियापदात सांगणे, हा तो धोका. १९४८ चे गोरटा असो किंवा १९४८ चे गुलबर्गा असो, ते आजच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवून 'हे असे आहेत' या रूपात सांगितले की सेन्सरचाच दोष घडतो. विझलेल्या ठिणगीची वर्दी आजच्या ठिणगीला लागू केली जाते आणि मिश्रण भलत्या दिशेने दुरुस्त होते. अशा वेळी 'आम्ही खरेच सांगितले' हा बचाव पुरेसा नाही. मंद सेन्सरही खरेच सांगत असतो. त्याला भूतकाळाचे क्रियापद नाही; आम्हाला ते आहे, आणि ते वापरणे हे आमचे कर्तव्य आहे. उशिराच्या सत्याला दोन अटी आहेत. ते पूर्ण असावे आणि त्यावर तारीख असावी. अर्धे सत्य तारखेसह सांगणे, किंवा पूर्ण सत्य तारीख पुसून सांगणे, दोन्ही सारखेच घातक.

पूर्ण म्हणजे काय, याचेही एक उदाहरण त्याच अहवालात आहे. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवले, आणि एकाच धंद्यातील माणसांत हा बंधुभाव अधिक दिसला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, अशी नोंद त्यात आहे. साठ वर्षे अहवाल दडला तेव्हा केवळ क्रौर्य दडले नाही, हे शौर्यही दडले. जे सत्य उशिरा येते ते आपल्याबरोबर आपले औषधही उशिरा आणते. विणकरांची ती नोंद १९४९ सालीच गावोगाव वाचली गेली असती तर तिने काय साधले असते, याचा विचार वाचकांनी करावा.

इतिहासाइतक्या मोठ्या प्रसंगांची वाट पाहण्याचेही कारण नाही. मंद साक्षीचे नित्याचे प्रकार आपल्या आसपास आहेत. तुरीचे उभे पीक वाळते तेव्हा पाहणीची गरज असते. तुराट्या उपटून झाल्यावर केलेल्या पाहणीतला आकडा कितीही बिनचूक असला तरी शेतकऱ्याने तोवर सावकाराचे दार गाठलेले असते. शाळेतील मूल वाचनात मागे पडले हे शिक्षकाला पहिल्या इयत्तेत दिसते आणि पालकाला ते सातव्या इयत्तेत कळते. सीमाभागातील मराठी शाळेचा पट दरवर्षी एकेकाने घटतो, आणि शाळा बंद झाल्यावर आपण भाषणे करतो. या सर्वांत कोणी खोटे बोललेले नसते. म्हणूनच कोणाला दोषी वाटत नाही.

अशा वेळी वस्तादाचा शेवटचा प्रश्न विचारावा. साक्षीदाराला मंद कोणी केले? पाहणी करणाऱ्या माणसाला, शिक्षकाला, वार्ताहराला आपण वेळेवर बोलल्यावर काय दिले? वरिष्ठांची खप्पामर्जी, गावाचा रोष, जातभाईंचा बहिष्कार, बदली. हे थर एकावर एक साचतात. कोणताही एक थर साक्षीदाराला मुका करत नाही. प्रत्येक थर त्याला थोडा थोडा मंद करतो. तो विचार करतो, इतरांनी बोलण्याची वाट पाहतो, आणि सर्वांना कळून चुकलेले असते तेव्हा आपली साक्ष नोंदवतो. त्याची नोकरी सुरक्षित राहते, त्याचे विधानही खरे असते. अशा माणसाला काढून दुसरा बसवल्याने काही साधत नाही. तेच थर नव्यावर बसू लागतात. मात्र यंत्र आणि माणूस यांत येथे एक भेद राहतो. सेन्सरला आपल्यावरचा थर खरवडता येत नाही. माणसाला येतो. म्हणून परिस्थितीने मंद केलेल्या साक्षीदाराविषयी आम्हाला सहानुभूती आहे, पण त्याला पूर्ण माफी नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे. उशिराचे सत्य हे असत्य नव्हे. पण ते सत्याचे अपुरे रूप आहे, आणि त्यातील उणीव काळाची आहे. ज्याने ते वेळेवर सांगणे शक्य होते आणि सांगितले नाही, त्याच्या माथी त्या मधल्या ठिणग्यांचा हिशेब राहतो. ज्याने ते उशिरा मिळताच आजचे म्हणून वापरले, त्याच्या माथी पुढच्या ठिणग्यांचा. आणि ज्या समाजाने वेळेवर बोलणाऱ्यावर थर चढवले, त्याला उशिराविषयी तक्रार करण्याचा अधिकार फार थोडा उरतो. सत्य बोलावे एवढे आपल्याला लहानपणी शिकवले जाते. ते केव्हाचे आहे हे सांगावे, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत त्याची गरज असेतोवर पोहोचवावे, हे शिकवणे बहुधा राहून जाते. तेवढा धडा आपल्या मुलांच्या आणि आपल्या स्वतःच्याही अभ्यासक्रमात घालण्याची वेळ अजून टळलेली नाही.